हरण्याची कारागिरी

फोटो आला तेव्हा त्याच्या हातात एका म्हाताऱ्या बाईचा वरचा जबडा होता. मेणाचा. दात एकेक करून बसवून झाले होते, समोरचा एक तेवढा किंचित वळवायचा राहिला होता. हा एक दात वळवणं ही त्याची खासियत. नवशिके सगळे दात एका ओळीत ताठ उभे करतात, आणि मग तो माणूस हसला की समोरच्याला आधी कवळीच दिसते. खोटं खरं वाटायला हवं असेल तर त्यात थोडा दोष मुद्दाम ठेवावा लागतो. किती आणि कुठे, हे हाताला कळायला वर्षं जातात. त्याच्या हाताला ते कळत होतं. लॅबमध्ये सगळे त्याला दातवाले म्हणत, आणि अवघड कामं न विचारता त्याच्याच टेबलावर आणून ठेवत. स्पिरिटच्या दिव्याशेजारी फोन थरथरला. बायकोचा होता. पूर्वीच्या बायकोचा, हे ‘पूर्वीच्या’ त्याच्या मनात नेहमी जरा मागून, धापा टाकत येत असे. फोटोत एका लहान मुलीचा दंड होता आणि दंडावर लालसर वणांच्या दोन कमानी. सवयीने त्याला आधी फक्त कमानी दिसल्या. सुरेख गोलाई. दुधाचे दात. वरच्या ओळीत मधली एक जागा रिकामी, आणि तिच्या शेजारचा दात थोडा आत वळलेला. हा वळलेला दात त्याने कुठेही ओळखला असता, कारण तो त्याच्या स्वतःच्या तोंडात होता, त्याच जागी. त्याला चक्क कौतुक वाटलं. मग त्या रिकाम्या जागेकडे लक्ष गेलं. गेल्या रविवारपर्यंत तो दात नुसता हलत होता. म्हणजे मधल्या दिवसांत कधीतरी पडला, आणि ते त्याला कोणी कळवलं नाही. ही त्याच्या लेकीच्या चाव्याची खूण आहे आणि दंड कुणा दुसऱ्याच मुलीचा आहे, हे त्याला सगळ्यात शेवटी समजलं. फोटोखाली लिहिलं होतं, ‘तुझ्या भिंगरीचे प्रताप. हरली म्हणून. फोन कर.’

जिन्यात जाऊन त्याने फोन केला. जिन्यात प्लास्टरची पांढरी धूळ कायमची बसलेली असते, तिच्यावर बोटाने रेघोट्या ओढत तो ऐकत राहिला. शाळेत संगीतखुर्ची होती. शेवटी भिंगरी आणि आणखी एक मुलगी अशा दोघीच उरल्या. गाणं थांबलं, खुर्ची दुसरीला मिळाली. भिंगरीने खुर्चीचा पाय धरून जमिनीवर बसकण मारली, आणि बाई उठवायला आल्या तेव्हा बाईंना सोडून त्या जिंकलेल्या मुलीच्या दंडाला कडकडून चावली. ‘भिंगरीला लागलं का कुठे?’ त्याने विचारलं. ‘हिला कशाला लागेल? मी काय सांगतेय आणि तू काय विचारतोयस!’ मग ती थोडी थांबली. ती थांबली की पुढचं वाक्य लागणारं असतं, हे त्याला संसाराच्या दिवसांपासून ठाऊक होतं. ‘बाईंना ती काय म्हणाली माहितेय? म्हणाली, मी हरतच नाही. माझ्या बाबांना विचारा.’ त्याची रेघोटी जिन्याच्या कडेवरून खाली घसरली. ‘तू मुद्दाम हरतोस ना रे तिच्याशी?’ ‘कधी कधी.’ ‘कधी कधी?’ ‘दर वेळी,’ तो म्हणाला. पलीकडे तिने सुस्कारा सोडला. रागावलेली नव्हती ती, दमलेली होती. ‘हे बघ, तू घालून ठेवलेला गोंधळ तूच निस्तर. या रविवारी तिला एकदा चांगली हरव. आणि पोहण्याचं काय ते सांग बाबा एकदाचं. एक रविवार तुझ्याकडे, एक रविवार पोहायला, एवढंच तर म्हणतोय आम्ही. महिनाभर नुसतं बघू-बघू चाललंय तुझं. तिला विचारलं तर म्हणते, बाबांकडे मी जिंकते, तिकडेच जाणार. पोहायला पहिल्या दिवशी शेवटून पहिली आली, तेव्हापासून तलावाचं नाव काढू देत नाही.’ बाबांकडे मी जिंकते, तिकडेच जाणार. हे वाक्य आपल्याला आज नव्याने कळलं असं त्याला दाखवता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. किंबहुना त्याने ते तसं घडवलं होतं, रविवारमागून रविवार, मेणाच्या कामाइतक्याच निगुतीने.

टेबलाशी परतला तर जबड्यातलं मेण गार होऊन बसलं होतं. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला, ज्याला मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची इतकी सवय होती की मशीन बंद असतानाही तो ओरडूनच बोले, म्हणाला, ‘काय दातवाले, तोंड का असं कवळी काढल्यासारखं?’ त्याने थोडक्यात सांगितलं. पॉलिशवाला खो-खो हसला. ‘अहो, मी माझ्या पोरांना पत्त्यांत धुऊन काढतो! रडतात, भेकतात, पत्ते फेकतात, ताटावरून उठून जातात. सकाळी पुन्हा आहेतच. जातील कुठं? घर तेच, बाप तोच!’ आणि त्याने मशीन चालू केलं. घर तेच, बाप तोच. त्याला बरंच काही बोलावंसं वाटलं, पण मशीनच्या आवाजात ते पोचलं नसतं, आणि मशीन नसतं तरी तो बोलला नसता. रोज जेवायच्या टेबलाशी परत येणाऱ्या पोरांना हरवायला काय लागतं? त्याची पोर आठवड्यातून एक दिवस येते. यावंसं वाटलं तर येते. तिची आई तिला जबरदस्तीने पाठवत नाही, आणि तिने तसं पाठवू नये असं त्यानेच मोठ्या मनाने सांगून ठेवलेलं. ते मोठं मन आता त्याच्या अंगाशी आलं होतं. त्याने दिव्यावर सुरी गरम केली आणि म्हातारीचा दात वळवला. जरा जास्तच वळला.

त्याची खोली एकटीच होती; म्हणजे तिला दुसरी खोली नव्हती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे, तिच्यावरून खाली उतरणारा एक पाइप, आणि पाइपाला बांधलेली कुणाची तरी कपडे वाळत घालायची दोरी, जिच्यावर कधीच कपडे नसत. सोमवार ते शनिवार तो ओट्याशी उभ्यानेच खायचा. बसून खायला समोर कोणीतरी लागतं. सोमवारी भिंगरीच्या ब्रशची दांडी ग्लासमध्ये त्याच्या ब्रशच्या दांडीला टेकलेली असे, आणि ती तशीच राहावी म्हणून तो स्वतःचा ब्रश जपून उचलायचा. मंगळवारी, बुधवारी संध्याकाळी तो जोड्यांचे पत्ते काढायचा. छत्री, मासा, घड्याळ, केटल, हत्ती. प्रत्येक चित्राचे दोन पत्ते, सगळे पालथे मांडायचे, एका वेळी दोन उलटायचे, जुळले तर आपले, आणि पुन्हा आपलीच पाळी. एकट्याने तो दोन्ही बाजूंनी खेळायचा. डाव्या हाताची एक थप्पी, उजव्याची एक. कोणीतरी जिंकायचंच, पण त्याचं सुख नव्हतं की दुःख नव्हतं. पलीकडच्या खोलीत रेडिओ लागलेला असे, शब्द न कळणारा, नुसता माणसाच्या आवाजाचा घोगरेपणा भिंतीतून येई. त्या आवाजाची त्याला सोबत वाटायची. एकदा जिन्यात तो रेडिओवाला भेटला आणि म्हणाला, ‘आवाजाचा त्रास होत नाही ना?’ तर हा घाईघाईने म्हणाला, ‘नाही नाही, अगदीच ऐकू येत नाही,’ आणि त्या संध्याकाळपासून भल्या माणसाने आवाज आणखी कमी केला.

मुद्दाम हरणं म्हणजे काही गंमत नाही. लोकांना वाटतं, चुकीचा पत्ता उलटला की झालं. तसं हरलं तर मूल लगेच ओळखतं आणि चिडतं. तो आधी दोन-तीन जोड्या सरळ जिंकून घ्यायचा. भिंगरीच्या कपाळावर आठी पडेपर्यंत पुढे राहायचा. मग मधेच कुठे घड्याळाचा पत्ता माहीत असून शेजारचा उलटायचा आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारून ‘अरेरे, इथेच तर होतं!’ म्हणायचा. शेवटी एका जोडीने हरायचं, फार तर दोन. तिच्या जिंकण्याला किंमत राहिली पाहिजे. जिंकल्यावर ती पलंगावर चढून उड्या मारायची, तिच्या केसांची पिन निसटायची, आणि खालचे आजोबा काठीने छत ठोकायचे. त्या ठोकण्यावर दोघं तोंड दाबून हसायची. त्याच्या सबंध आठवड्यात तो एवढाच आवाज असा होता की जो त्याच्यामुळे झालेला असे.

त्याचे वडील कधी हरले नाहीत. तसे साधे गृहस्थ, टपालखात्यात शिक्के मारणारे. पण सोंगट्यांच्या पटासमोर बसले की त्यांचा चेहराच बदलायचा. आठ वर्षांच्या मुलाची शेवटची सोंगटी उचलून ते ती त्याच्या नाकासमोर हलवायचे आणि शीळ घालायचे. तेवढी एकच शीळ त्यांना येत होती. मुलगा रडत पलंगाखाली जाऊन बसायचा, आणि पलंगाखालून त्याला वडिलांचे पाय दिसायचे, तालावर हलणारे. आई म्हणायची, ‘अहो, लहान आहे तो.’ ‘मग मोठा होईल,’ वडील म्हणायचे. तो मोठा झाला. मोठा होताना त्याने ठरवलं की शीळ घालायची वेळच येऊ द्यायची नाही. समोरच्याला आधीच देऊन टाकायचं. लग्नातही त्याने हेच केलं. पडदे कुठल्या रंगाचे, मूल कधी, तिच्या आईकडे किती दिवस, सगळ्याला ‘तू म्हणशील तसं.’ आणि तेही लगेच नाही, थोडं ताणून, थोडा वाद घालून, म्हणजे तिलाही जिंकल्यासारखं वाटावं. बायको हुशार होती. एके दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, ‘तुझ्याशी जिंकून जिंकून कंटाळले रे मी. एकदा तरी खरं भांड.’ त्यावर त्याला जे सुचलं ते पुन्हा तेच होतं. ती गेली तेव्हाही तो म्हणाला, तू म्हणशील तसं. बॅग उचलून त्यानेच खाली नेऊन दिली. आपण उदारपणे वागलो असं त्याला बरेच दिवस वाटत होतं.

त्या रविवारी भिंगरी आली ती पडलेल्या दाताची जागा जिभेने चाचपतच. चावल्याबद्दल तो काही बोलला नाही, तिनेही काही सांगितलं नाही. पत्ते मांडले. आज जिंकायचं, असं त्याने ठरवलं होतं, जाग आल्यापासून ठरवलं होतं, पाव भाजताना आणि अंडी उकडताना ठरवलं होतं. खेळ अर्ध्यावर आला तेव्हा तो चांगला पुढे होता. केटल कुठे आहे ते त्याला माहीत होतं. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून, श्वास धरून. तो हात पुढे नेत होता केटलकडे, आणि त्याने पाहिलं की हात शेजारच्या पत्त्यावर गेला आहे आणि तो पत्ता उलटा झाला आहे, आणि तो मासा आहे. ‘अरेरे,’ त्याचं तोंड म्हणालं. त्याने ठरवलं नव्हतं. हातानेच ते केलं, इतकी वर्षं दात वळवणाऱ्या हाताने. ती जिंकली. पण उड्या मारायला पलंगावर चढली नाही. पत्ते गोळा करून, कडा जुळवून तिने डब्यात ठेवले आणि म्हणाली, ‘बाबा, आता चित्र काढू या का?’ त्याला वाटलं, शाळेतल्या प्रकाराने बिचारी अजून दबलेली आहे. संध्याकाळी बायकोने फोनवर विचारलं, ‘हरवलंस?’ तो म्हणाला, ‘पुढच्या वेळी.’ तिने फोन ठेवून दिला. पूर्वी बोलली असती.

पुढचा आठवडा त्याने वाईट काढला. रात्री झोप लागे, पण सकाळी जाग आली की छातीवर काहीतरी ठेवलेलं असे. एका सकाळी आंघोळ करताना त्याला लख्ख समजलं की आपल्याला तिला वाढवायची काळजी नाहीये, आपल्याला फक्त ती यायला हवी आहे. तिने उद्या सगळ्या वर्गाला चावलं तरी चालेल, पण रविवारी ती यायला हवी. पाणी वाहत राहिलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. वडील निदान शीळ घालत होते; ते जे होते ते उघड होते. तो तर तिच्या जिंकण्यावर जगत होता आणि त्याला प्रेम म्हणत होता. प्रेमही होतं, नव्हतं असं नाही. पण भीती जास्त होती. लॅबमध्ये त्या म्हाताऱ्या बाईची कवळी परत आली. पॉलिशवाला ओरडून म्हणाला, ‘ती म्हणते, इतका वाकडा दात माझा कधीच नव्हता!’ सगळे हसले. तोही हसला, आणि तो दात उपटून पुन्हा नव्याने बसवायला घेतला.

रविवारी दुपारी त्याने तिला हरवलं. सांगण्यासारखं त्यात काही झालं नाही. त्याने फक्त जे पत्ते माहीत होते तेच उलटले. छत्री आणि छत्री. हत्ती आणि हत्ती. प्रत्येक जोडी उचलताना त्याच्या बोटांना ती जड वाटत होती. भिंगरीही मन लावून खेळत होती, तिच्याकडे पुष्कळ जोड्या झाल्या, मधे तर त्याला वाटलं की ही आपण होऊनच जिंकेल आणि आपण सुटू. पण शेवटचे चार पत्ते राहिले आणि डाव त्याच्यावर आला. त्याला चारही माहीत होते. त्याने घड्याळाची जोडी उचलली, मग उरलेली बोटीची. ‘मी जिंकलो,’ तो म्हणाला. हे शब्द त्याने किती वर्षांनी उच्चारले होते कोण जाणे. ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटले. मग तो वाट पाहू लागला. ती रागाने न्हाणीघरात जाऊन बसली तर तिथली आतून लागणारी कडी बाहेरून उघडायची कशी, याचा विचार त्याने आधीच करून ठेवला होता. तिची हनुवटी थरथरली. खालचा ओठ बाहेर आला. डोळ्यांत पाणी भरलं, अगदी काठापर्यंत. आणि मग तिने उजवा हात फ्रॉकला पुसला आणि पत्त्यांवरून त्याच्यासमोर धरला.

‘छान खेळलास, बाबा.’

त्याला कळेना. ‘हात दे ना,’ ती म्हणाली, आवाज फाटत होता. ‘हरल्यावर हात द्यायचा असतो. आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. रडू आलं तर रडायचं, पण हात आधी, रडणं मग.’ त्याने तिचा हात हातात घेतला. तो ओलसर होता आणि अगदी लहान. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, हात दोनदा वर-खाली हलवला, सोडला, आणि मग पलंगावर जाऊन उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडली. त्याने पलंगाच्या कडेवर बसून तिच्या पाठीवर हात ठेवला, पाठ हलत होती, हळूहळू हलायची थांबली. खालचे आजोबा शांत होते. मग उशीतूनच ती म्हणाली, ‘उंचकाकांनी शिकवलं. ते मला रोज हरवतात.’

उंचकाका म्हणजे तिच्या आईच्या घरात आता जो राहतो तो. त्याला याने गाडीच्या काचेतून दोन-चारदा पाहिलं होतं, बसलेला. ‘रोज?’ त्याने विचारलं. ‘मी चावले ना, त्या दिवसापासून. मी शाळेतून आले की. आईचं काम होईपर्यंत. पहिल्या दिवशी मी पत्ते फेकले, तर ते म्हणाले, उचल, मग परत फेक. किती वेळा फेकायचं! मागच्या रविवारी इकडे आले ना, त्याच्या आदल्या दिवशी मी जिंकले. खरं खरं.’ ती उठून बसली. गालावर उशीच्या शिवणीची रेघ उमटली होती. ‘तर त्यांचे कान लाल झाले. आई हसली तर आणखी लाल झाले. तुझे कधी होत नाहीत.’ तो विखुरलेले पत्ते गोळा करू लागला. ‘तू चुकायच्या आधी ना, बाबा, बरोबर पत्त्याकडे बघतोस. आधी तिकडे बघतोस आणि मग दुसरा उचलतोस.’ हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. दात पडला हे जसं सांगावं तसं सांगितलं. इतकी मेहनत, मांडीवरच्या त्या थापा, ते अरेरे. आणि डोळे तेवढे तो झाकायला विसरला होता. ‘केव्हापासून माहीत होतं तुला?’ ‘आत्ता आत्ता. काका खरं हरले ना, तेव्हा कळलं.’ नंतर तिने त्याच्या शर्टाचं बटण फिरवायला सुरुवात केली. काही मागायचं असलं की ती बटण फिरवते. ‘मी पोहायला गेले तर चालेल? शेवटून पहिली आले तरी पाण्यातून बाहेर यायचं नाही, असं काका म्हणतात. मला बघायचंय, येतं का मला तसं.’ ‘मग जा की.’ ‘हो, पण…’ बटण थांबलं. ‘मी आले नाही तर तू कोणाशी हरणार?’

तिने ते इतक्या काळजीने विचारलं की त्याला हसू येईल असं वाटलं, पण हसू आलं नाही. त्याला दिसलं की गेल्या रविवारी ती पलंगावर का चढली नाही. खेळ खोटा आहे हे कळूनही ती बसली होती, त्याच्यासाठी, पाहुण्याने यजमानाचं मन राखावं तशी. त्याने तिला हरायला शिकवलं नव्हतं, पण मन राखायला शिकवलं होतं, आणि ती ते त्याच्यासारखंच बेमालूम करत होती. इतकी लहान पोर. आत्ता जर आपण नीट वागलो नाही, तर ही दर रविवारी येत राहील, दया म्हणून येत राहील, आणि मोठी होऊन कुणाला तरी म्हणेल, तू म्हणशील तसं. ‘मी माझं बघीन,’ तो म्हणाला. ‘पण मला वाईट वाटेल. तू आली नाहीस की मला फार वाईट वाटतं.’ हे असं सरळ त्याने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. भिंगरीने विचार केला. ‘मग रड थोडं,’ ती म्हणाली, आणि ब्रश घ्यायला गेली. या वेळी ब्रश तिला घरी न्यायचा होता. का, ते त्याने विचारलं नाही.

एरवी तिची आई खालून बेल वाजवायची आणि तो तिला जिन्याच्या तोंडाशी पोचवायचा. आज पावलं वर आली. दार उघडलं तर दारात उंचकाका. ‘हिच्या आईला ताप आहे जरा, म्हणून मी आलो,’ तो म्हणाला, धाप लागली होती त्याला, टक्कल पडायला लागलेलं, हातात गाडीची किल्ली, आणि आत यावं की न यावं हे न कळून एक पाय उंबऱ्यावर. चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेला. ‘उंचकाका, मी हरले!’ भिंगरी आतूनच ओरडली. ‘बाबांनी मला हरवलं! खरं खरं!’ ‘अरे वा,’ तो म्हणाला, आणि याच्याकडे बघून अवघडल्यासारखं हसला. ‘हात दिलास?’ ‘आधी हात, मग रडले.’ ‘शाब्बास.’ एवढं बोलून होईपर्यंत ती बूट घालायला दोघांच्या मधे खाली बसली होती. तिच्या डोक्यावरून दोघं पुरुष एकमेकांसमोर उभे राहिले. आता ‘बघू’ म्हणता आलं असतं. दार लावता आलं असतं, हसून. किंवा असंही म्हणता आलं असतं की न्या की, मला काय, तिची इच्छा. तसं बोलण्यात तर त्याचा हातखंडा होता, ते शब्द जिभेवर येऊनही बसले होते.

‘ते पोहण्याचं,’ तो म्हणाला. ‘पुढच्या रविवारपासून न्या तिला. एक सोडून एक.’

‘नक्की ना?’ उंचकाका म्हणाला. ‘म्हणजे, तुमची हरकत नसेल तर. तुमचा दिवस जातो, कळतं मला.’

‘हरकत आहे,’ तो म्हणाला. आवाज जरा मोठा झाला आणि जिन्यात घुमला. भिंगरी बुटाचा बंद हातात धरून वर बघू लागली. ‘फार हरकत आहे माझी. रोज तुमच्याकडे असते ती. मला हा एक दिवस असतो.’ उंचकाकाने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून ऐकत होतं. याचे कान तापले होते, आणि आपण सगळं बिघडवलं असं त्याला वाटत होतं. पण बोललेलं त्याने मागे घेतलं नाही. ‘तरी न्या,’ तो म्हणाला. ‘तिला जायचंय.’

भिंगरी उठली, पिशवी खांद्याला लावली, पण निघाली नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिला काय हवं आहे ते त्याला समजलं. मांडीवर थाप मारायला, अरेरे म्हणायला इथे जागा नव्हती. त्याने उजवा हात पँटला पुसला आणि पुढे केला. उंचकाका क्षणभर गोंधळला, मग त्याने किल्ली खिशात टाकून हात धरला. आता डोळ्यांत बघायचं होतं. त्याने मान वर केली, आणखी वर केली. माणूस खरोखरच उंच होता.